कंपनी कोर्टात गेली, आता शेअरचं काय? बातमीपासून निर्णयापर्यंत

31 जुलै 2024 ला इन्फोसिसकडे 32,403 कोटी रुपयांचा जीएसटी मागितल्याची बातमी आली. आकडा कंपनीच्या वर्षभराच्या नफ्याहून मोठा होता. तरी दुसऱ्या दिवशी शेअर फारसा हलला नाही. त्याच्या दहा महिने आधी, सप्टेंबर 2023 मध्ये, पणजीला मांडवीत तरंगते कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पला आणि तिच्या उपकंपन्यांना मिळून सुमारे 16,800 कोटींची जीएसटीची नोटीस आली. मागणी इन्फोसिसच्या निम्मी, पण सोमवारी बाजार उघडल्यावर शेअर सुमारे 20% घसरला.

खटल्याची बातमी वाचताना आपली नजर पहिल्यांदा रकमेवर जाते, कारण मथळ्यात तीच असते. बाजार मात्र त्या रकमेला कशाने भागायचं ते बघत असतो. इन्फोसिसचं बाजारमूल्य त्या मागणीच्या वीस पटींहून जास्त होतं. डेल्टा कॉर्पच्या बाबतीत मागणीच बाजारमूल्याच्या तिप्पटीहून जास्त होती. म्हणजे खटला हरला तर इन्फोसिसला एक वाईट वर्ष, आणि डेल्टाच्या भागधारकाच्या हाती काही उरेल की नाही हाच प्रश्न.

हा भागाकार कसा करायचा, त्याच्या आधी काय तपासायचं आणि नंतर काय, हे आता क्रमाने बघू. उदाहरणं मुख्यतः आपल्या बाजारातली घेतली आहेत. त्यातला कुठलाही शेअर घ्या किंवा विका असं सांगण्याचा हेतू नाही.

पायरी 1: नक्की काय आलं आहे ते बघा

‘कंपनीला दणका’ या मथळ्याखाली पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात: कारणे दाखवा नोटीस, त्याच्याही आधीची पूर्वसूचना, प्राधिकरणाचा आदेश, लवादाचा निवाडा किंवा न्यायालयाचा अंतिम निकाल. नोटीस म्हणजे खात्याचं म्हणणं. त्याला उत्तर, आदेश, अपील, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय असा लांब रस्ता असतो. इन्फोसिसला आलेली पूर्वसूचना होती. कर्नाटकाच्या अधिकाऱ्यांनी आपली सूचना दुसऱ्याच दिवशी मागे घेतली, केंद्रीय यंत्रणेने 2017-18 सालचा 3,898 कोटींचा भाग लगेच बंद केला आणि उरलेलं प्रकरण जून 2025 मध्ये मिटलं.

दुसरा प्रश्न म्हणजे आरोप कोणावर आहे. कंपनीवर, तिच्या उपकंपनीवर, प्रवर्तकावर की एखाद्या माजी अधिकाऱ्यावर? उपकंपनी स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते. मूळ कंपनीने तिच्यासाठी हमी दिली नसेल, तर तोटा सहसा तिथे गुंतवलेल्या पैशापुरता राहतो. प्रवर्तकाचं भांडण मात्र वाटतं तितकं वेगळं राहत नाही. फोर्टिस हेल्थकेअर बघा. जपानच्या दाइइची सांक्यो या औषध कंपनीचा दावा रॅनबॅक्सी आणि फोर्टिस या दोन्हींचे माजी प्रवर्तक असलेल्या सिंग बंधूंवर होता. रॅनबॅक्सी विकताना माहिती लपवल्याचा तो वाद, फोर्टिस हॉस्पिटलचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. तरीही डिसेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’ आदेश दिला आणि मलेशियाच्या आयएचएचची 170 रुपयांची खुली ऑफर अडकली. भागधारक कायदेशीर भांडणात पक्षकार नव्हते, पण त्यांचा विकायचा दरवाजा बंद झाला. पुढे शेअर 170 च्या कितीतरी वर गेला, त्यामुळे अडकलेल्यांचं भलंच झालं, हा योगायोग.

बातमी खरी आहे का हे वृत्तवाहिनीवर नव्हे, बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांच्या पानावर बघा. सेबीच्या लिस्टिंग नियमावलीतल्या नियम 30 खाली कंपनीला महत्त्वाचे खटले आणि त्यांचे निकाल जाहीर करावे लागतात. ‘महत्त्वाचे’ कशाला म्हणायचं, याचं माप 2023 पासून ठरलेलं आहे: वार्षिक उलाढालीच्या 2%, नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता जे उरतं त्याच्या) 2% आणि तीन वर्षांच्या सरासरी नफ्या-तोट्याच्या 5%, या तिन्हींतली सर्वात कमी रक्कम. त्या पत्रात न्यायालयाचं नाव, वादाचा थोडक्यात तपशील, अपेक्षित आर्थिक परिणाम आणि मागितलेली रक्कम असते. ‘कोणताही मोठा आर्थिक परिणाम अपेक्षित नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात सापडेल. त्याला फार वजन देऊ नका. पण ते वाक्य एखाद्या पत्रात नसेल, तर तिथे थांबून पत्र पुन्हा वाचा.

पायरी 2: मुद्दल आणि व्याज वेगळं करा

आपल्याकडचे खटले वर्षानुवर्षं चालतात, आणि व्याजाचं मीटर तेवढा वेळ चालू राहतं. ही गोष्ट कागदावर सगळ्यांना माहीत असते, हिशेबात मात्र फार थोडे जण धरतात.

दूरसंचार कंपन्यांचा एजीआरचा, म्हणजे समायोजित एकूण महसुलाचा, वाद हे याचं सर्वात महागडं उदाहरण. परवाना शुल्क कोणत्या महसुलावर मोजायचं, फक्त दूरसंचार सेवेच्या की भाडं, व्याज, लाभांश असं सगळं धरून, एवढाच प्रश्न होता. 24 ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने सरकारची व्याख्या मान्य केली. परवाना शुल्कापोटीची मागणी सुमारे 92,640 कोटी रुपये होती. त्यात वादातलं मुद्दल किती? 23,189 कोटी. उरलेलं सगळं व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज. चौदा वर्षं चाललेल्या भांडणात मुद्दलाची चौपट झाली होती.

म्हणून दाव्याची रक्कम दिसली की तीन गोष्टी शोधा: मूळ मागणी, व्याजाचा दर आणि व्याज कोणत्या तारखेपासून. टाटा मोटर्सच्या बाजूने पश्चिम बंगालमधल्या सिंगूरच्या नॅनो कारखान्याच्या प्रकरणात 30 ऑक्टोबर 2023 ला लवादाचा निवाडा लागला, तेव्हा कंपनीने हे तिन्ही आकडे एकाच पत्रात दिले होते: 765.78 कोटी रुपये, 11% व्याज, 1 सप्टेंबर 2016 पासून वसुलीपर्यंत. सरळव्याजाने वर्षाचे सुमारे 84 कोटी, म्हणजे निवाड्याच्या दिवशीच व्याज सहाशे कोटींच्या आसपास. हिशेब पाठीमागच्या बाजूला दोन ओळींत होतो. हाच हिशेब विरुद्ध बाजूच्या कंपनीसाठीही करायचा असतो, तेव्हा तो इतका गोड लागत नाही.

पायरी 3: भागाकार

रक्कम हातात आली की तिला चार आकड्यांनी भागा.

बाजारमूल्याने भागलं की शेअरवर जास्तीत जास्त किती टक्के भार पडू शकतो ते कळतं. नेटवर्थने भागलं की ताळेबंद टिकेल का ते कळतं. हातातली रोकड आणि सहज मोडता येणारी गुंतवणूक यांनी भागलं की पैसे भरायला कर्ज काढावं लागेल का ते दिसतं. आणि वार्षिक नफ्याने भागलं की किती वर्षांची कमाई जाणार ते. माझ्या मते यातला तिसरा भागाकार सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी करत नाही. खटला हरलेली कंपनी सहसा नफा कमी पडला म्हणून बुडत नाही, ऐनवेळी रोख नसते म्हणून बुडते.

एजीआरचा निकाल एकाच दिवशी, एकाच न्यायालयात, एकाच व्याख्येवर एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या दोघींविरुद्ध लागला. जुलै-सप्टेंबर 2019 च्या तिमाहीत एअरटेलने 23,045 कोटींचा तोटा दाखवला आणि व्होडाफोन आयडियाने 50,921 कोटींचा, जो भारतीय कंपनीचा तोवरचा सर्वात मोठा तिमाही तोटा होता. दूरसंचार खात्याच्या हिशेबाने पुढे एअरटेलकडे 43,980 कोटी आणि व्होडाफोन आयडियाकडे 58,254 कोटी निघत होते. दोन्ही रकमांत जमीन-अस्मानाचं अंतर नाही. फरक होता तो पैसे उभे करण्याच्या ताकदीत. एअरटेलने जानेवारी 2020 मध्ये तीन अब्ज डॉलर उभे केले: दोन अब्जांचे शेअर, एक अब्जाचे परिवर्तनीय रोखे. ग्राहक तिच्याकडे येत होते. व्होडाफोन आयडियाकडून ग्राहक जात होते आणि भांडवल द्यायला प्रवर्तक तयार नव्हते.

पुढचं जास्त शिकवणारं आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये दहा वर्षांत हप्ते भरायची मुभा दिली, 2021 मध्ये केंद्राने हप्त्यांना चार वर्षांची सवलत दिली, आणि मग थकबाकीच्या बदल्यात सरकारने व्होडाफोन आयडियाचे शेअर घेतले. फेब्रुवारी 2023 मध्ये 16,133 कोटींचे, 2025 मध्ये आणखी 36,950 कोटींचे, दोन्ही वेळा 10 रुपये दराने. मधे एप्रिल 2024 मध्ये कंपनीने 18,000 कोटींचा एफपीओ, म्हणजे नव्या शेअरची जाहीर विक्री, आणला. निकालाच्या वेळी कंपनीचे सुमारे 2,870 कोटी शेअर होते, 2025 मध्ये ते 10,800 कोटींच्या वर गेले आणि सरकारचा हिस्सा 49% झाला. ज्याने निकालाआधीपासून शेअर धरून ठेवला, त्याच्या हातात शेअर तेवढेच राहिले. कंपनीतला त्याचा वाटा मात्र जवळपास चौथ्या भागावर आला. भाव पुन्हा 2019 च्या पातळीला आला तरी हा वाटा परत येत नाही. ‘कंपनी वाचली’ आणि ‘भागधारक वाचला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. थकबाकी फार मोठी असेल, तर सुटकेची बातमी आल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, की नवे शेअर निघणार आहेत का, आणि कोणत्या भावाने.

पायरी 4: पैसा जाणार की धंदा थांबणार?

दंड एकदाच भरायचा असतो. विक्री थांबली तर तोटा रोजचा असतो, शिवाय ग्राहक दुसरीकडे जातात.

5 जून 2015 ला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मॅगीवर बंदी घातली. नेस्ले इंडियाला एप्रिल-जूनच्या तिमाहीत 64.40 कोटींचा तोटा झाला, जो या कंपनीच्या बाबतीत दीड दशकात कोणी पाहिला नव्हता. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली आणि तीन प्रयोगशाळांत नव्याने तपासण्या करायला सांगितलं. नोव्हेंबरात नूडल्स दुकानांत परत आल्या. याच काळात केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्राहक आयोगात 640 कोटींचा दावाही लावला होता. तो आयोगाने एप्रिल 2024 मध्ये फेटाळला, आणि तोवर बहुतेक गुंतवणूकदार तो विसरून गेले होते. कागदावरचा मोठा आकडा 640 कोटींचा, पण भावाला खरी झळ लागली ती रिकाम्या फळ्यांची.

डेल्टा कॉर्पच्या बाबतीतही जुन्या नोटिशीइतकाच पुढच्या कराचा प्रश्न मोठा होता. नोटिशींवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने, आमच्या परवानगीशिवाय अंतिम आदेश काढू नका, असं सांगून दिलासा दिला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गेमिंग कंपन्यांच्या नोटिशींवरची कारवाई थांबवली. पण ऑक्टोबर 2023 पासून 28% जीएसटीची नवी तरतूद लागूच झाली होती. स्थगितीने जुनं देणं थांबतं, धंद्याचं नवं गणित बदलत नाही.

पायरी 5: या खटल्याच्या मागे रांग किती लांब आहे?

हा प्रश्न आपल्याकडे कमी पडतो, अमेरिकेत धंदा असलेल्या कंपन्यांसाठी मात्र पहिला विचारायला हवा. आपल्या बऱ्याच औषध कंपन्या त्यात येतात.

जर्मनीच्या बायरने जून 2018 मध्ये सुमारे 63 अब्ज डॉलर मोजून मोन्सँटो घेतली. दोन महिन्यांत, 10 ऑगस्टला, सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने राउंडअप या तणनाशकामुळे कर्करोग झाल्याचं मानून एका माळ्याला 28.9 कोटी डॉलर द्यायला सांगितले. सोमवारी बायरचा शेअर 10% हून जास्त पडला, म्हणजे निकालाच्या रकमेच्या कितीतरी पट मूल्य एका दिवसात गेलं. बाजार वेडा झाला होता का? नाही. तसेच हजारो दावे रांगेत उभे होते, आणि पहिल्या निकालाने प्रत्येकाची किंमत वर गेली. ती रक्कम पुढे अपिलात दोन कोटी डॉलरच्या आसपास आली, तरी 2020 मध्ये बायरला तडजोडीसाठी दहा अब्ज डॉलरहून जास्त बाजूला काढावे लागले. नंतरच्या वर्षांत सबंध बायरची बाजारातली किंमत मोन्सँटोसाठी मोजलेल्या रकमेच्याही खाली गेली.

म्हणून पहिल्या निकालातली रक्कम नव्हे, प्रलंबित दाव्यांची संख्या शोधा.

पायरी 6: वार्षिक अहवालात कुठे बोट ठेवायचं

मोठे खटले सहसा आकाशातून पडत नाहीत, ते आधी टिपांमध्ये छापलेले असतात. अहवालाची पीडीएफ उघडा आणि तीन ठिकाणी जा.

पहिलं ठिकाण, आर्थिक विवरणांच्या टिपांमधली ‘कंटिंजंट लायबिलिटीज’, म्हणजे आकस्मिक देणी. हिशेबाच्या नियमानुसार, इंड एएस 37 प्रमाणे, पैसे जाण्याची शक्यता न जाण्याहून जास्त असेल तर कंपनीने तरतूद करायची, ती नफ्यातून वजा होते. शक्यता आहे पण तितकी नाही, तर फक्त टिपेत लिहायचं, नफ्याला हात लागत नाही. फारच दूरची शक्यता असेल तर लिहायचंही नाही. कोणता खटला कोणत्या कप्प्यात टाकायचा हे व्यवस्थापन ठरवतं, वकिलाच्या सल्ल्याने. त्यामुळे ‘कंपनीने कर्ज म्हणून मान्य न केलेले दावे’ या ओळीसमोरचा आकडा मागच्या तीन-चार वर्षांचा एकाखाली एक लिहून काढा. तो दरवर्षी फुगत असेल आणि तरतूद जागच्या जागी असेल, तर निकाल विरुद्ध लागल्यावर धक्का एकदम बसणार. एखादा दावा टिपेतून अचानक गायब झाला असेल, तर तो जिंकला, मिटवला की ‘दूरची शक्यता’ ठरवून काढला, ते शोधा.

दुसरं, ऑडिटरच्या अहवालाचं परिशिष्ट. कारो 2020 (ऑडिटरने अहवालात काय सांगायचं हे ठरवणारा सरकारी आदेश) च्या सातव्या कलमाखाली एक तक्ता असतो: कायद्याचं नाव, देण्याचं स्वरूप, रक्कम, कोणत्या वर्षाची आणि वाद कुठे प्रलंबित आहे. आयकर, जीएसटी, सीमाशुल्क, भविष्य निर्वाह निधी, सगळं इथे येतं. शेवटचा रकाना नीट वाचा. ‘आयुक्त, अपील’ असं लिहिलं असेल तर प्रकरण पहिल्या पायरीवर आहे. ‘सर्वोच्च न्यायालय’ असेल तर शेवट जवळ आला आहे. बऱ्याचदा रकमेखाली ‘वादाखाली भरलेली रक्कम वजा जाता’ अशी बारीक तळटीप असते. म्हणजे थोडे पैसे आधीच गेलेले आहेत आणि जिंकल्यास परत येणार आहेत.

तिसरं, त्याच अहवालातल्या ‘की ऑडिट मॅटर्स’. ऑडिटरला ज्या बाबींवर सर्वात जास्त डोकं लावावं लागलं, त्या तो इथे सांगतो. तिथे एखाद्या खटल्याचं नाव दिसलं, तर पन्नास पानांच्या टिपांमधला कोणता खटला महत्त्वाचा हे त्याने फुकटात सांगून टाकलेलं असतं.

नव्याने बाजारात येणाऱ्या कंपनीसाठी हे सगळं माहितीपत्रकातल्या प्रलंबित खटल्यांच्या प्रकरणात एकत्र मिळतं. आयपीओच्या गर्दीत ते कोणी उघडत नाही.

पायरी 7: भावात आधीच किती धरलं आहे?

इथे थोडं गणित. एखाद्या कंपनीचं बाजारमूल्य 10,000 कोटी आहे आणि तिच्यावर 2,000 कोटींचा दावा आहे असं धरा. हरण्याची शक्यता तुम्हाला 40% वाटते. तर अपेक्षित भार 800 कोटी, म्हणजे 8%. पैसे चार-पाच वर्षांनी भरायचे असतील आणि वेगळं व्याज लागणार नसेल, तर आजच्या किमतीत भार आणखी कमी. आता शेअर बातमीनंतर 20% पडला असेल, तर दोनच शक्यता. बाजार घाबरून जास्त पडला आहे, किंवा दाव्यापलीकडचं काही बाजाराला दिसतंय: प्रवर्तकाची विश्वासार्हता, रद्द होऊ शकणारा परवाना, मागे फिरणारी बँक. पहिली शक्यता मानून खरेदी करण्याआधी दुसरी खोटी असल्याचं स्वतःला पटवून द्यावं लागतं. ते जमत नसेल तर हात लावू नये.

हीच फूटपट्टी खऱ्या प्रकरणाला लावून बघा. जेएसडब्ल्यू स्टीलने भूषण पॉवर अँड स्टील दिवाळखोरी प्रक्रियेतून घेतली, बँकांना 19,350 कोटी दिले आणि ओडिशातला झारसुगुडाचा कारखाना चालवायला घेतला. 2 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच बेकायदा ठरवून भूषण पॉवर अवसायनात काढायचा आदेश दिला. त्या दिवशी जेएसडब्ल्यूचा शेअर साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडला. बाजारमूल्य तेव्हा अडीच लाख कोटींच्या घरात होतं, म्हणजे सुमारे 13,000 ते 14,000 कोटी गेले. बँकांना दिलेले पैसे परत मिळायला हवे होते, तेव्हा बाजार पैशापेक्षा कारखाना आणि त्याच्या पुढच्या वाढीची किंमत वजा करत होता. आणि निकाल पुन्हा फिरेल याला फार थोडी शक्यता देत होता. तो फिरला. तेव्हाचे सरन्यायाधीश, अमरावतीचे भूषण गवई यांच्या खंडपीठाने 31 जुलैला तो निकाल मागे घेतला, आणि 26 सप्टेंबरला जेएसडब्ल्यूची योजना कायम झाली. मे महिन्यात घाबरून विकणाऱ्याला दोष देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल असा मागे घेणं नेहमीचं नाही.

पायरी 8: जिंकलेला खटलाही उलटतो

कंपनी वादी असेल तर लोक निवाड्याची रक्कम सरळ शेअरच्या किमतीत मिळवून टाकतात. हिशेबाचे नियम जास्त सावध आहेत. येणं जवळजवळ निश्चित झाल्याशिवाय ते उत्पन्नात धरता येत नाही.

कारण काय ते रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या भागधारकांना विचारा. दिल्लीच्या विमानतळ मेट्रो मार्गावरून दिल्ली मेट्रोशी झालेल्या वादात तिच्या उपकंपनीला 2017 मध्ये लवादाने 2,782 कोटी अधिक व्याज मंजूर केलं. उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ते कायम केलं, खंडपीठाने 2019 मध्ये रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने 9 सप्टेंबर 2021 ला परत कायम केलं. कंपनीने हे पैसे कर्जफेडीला वापरू असं सांगितलं. व्याज धरून रक्कम 8,000 कोटींच्या आसपास गेली. दिल्ली मेट्रोची पुनर्विचार याचिका फेटाळली गेली आणि सगळ्यांना वाटलं संपलं. मग 10 एप्रिल 2024 ला क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे पुनर्विचारही फेटाळल्यावर उरणारा शेवटचा उपाय, मान्य होऊन निवाडाच रद्द झाला आणि शेअर 20% च्या लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला, जाऊन बसला. तोवर मिळालेले पैसेही परत करायची वेळ आली.

त्याच वर्षी सप्टेंबरात व्होडाफोन आयडियाची क्युरेटिव्ह याचिका फेटाळली गेल्याचं कळलं आणि तो शेअरही जवळजवळ 20% पर्यंत कोसळला. क्युरेटिव्ह याचिका मान्य होणं अगदीच दुर्मिळ. तरी एका कंपनीच्या भागधारकांनी ती कधीच मान्य होणार नाही असं धरलं होतं आणि दुसरीच्या भागधारकांनी ती मान्य होईल अशी आशा भावात भरून ठेवली होती. दोन्हीकडे आपटी सारखीच.

पायरी 9: फसवणुकीचं प्रकरण असेल तर हे गणित बंद करा

वरचा सगळा हिशेब ताळेबंदातले आकडे खरे आहेत या गृहीतावर उभा आहे. 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून खात्यातली रोकड खोटी असल्याचं कबूल केलं, तेव्हा भागायला आकडाच उरला नाही. शेअर एका दिवसात पाऊणहून जास्त गेला. कंपनीच्या रोख शिलकीवर, विक्रीवर किंवा ऑडिटरच्या राजीनाम्यावर बोट ठेवणारा आरोप असेल, तर स्वस्त दिसणारा भाव स्वस्त असतोच असं नाही. आरोप खोटा ठरेलही, पण ते तुमच्या पैशाने तपासायची गरज नसते.

पायरी 10: निकालाची तारीख आणि तो दिवस

सर्वोच्च न्यायालयाच्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळांवर पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने स्थिती दिसते. जिल्हा न्यायालयांसाठी ई-कोर्ट्स आहे. सेबीच्या आदेशांविरुद्धची अपिलं मुंबईतच सॅट या अपील न्यायाधिकरणापुढे चालतात. ‘निकाल राखून ठेवला’ ही नोंद दिसली की पुढचा धक्का कधीही येऊ शकतो असं समजा.

तुमचा शेअर वायदे बाजारात आहे का, हे त्याआधीच बघून ठेवा. तिथे नसेल तर रोजची मर्यादा असते, 20% किंवा त्याहून कमी, आणि वाईट निकालानंतर खाली विकत घेणाराच नसतो. स्टॉप लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकायची ऑर्डर) लावलेला असतो, पण तो लागायला समोर गिऱ्हाईक लागतं. वायदे बाजारातल्या शेअरला अशी पक्की मर्यादा नाही. तिथे बाहेर पडता येतं, पण कोणत्या भावाला हे आपल्या हातात नसतं. निकालाआधीच हिस्सा एवढा कमी करून ठेवावा, की सगळ्यात वाईट झालं तरी बाकीचा पोर्टफोलिओ हलणार नाही. निकालाच्या दिवशी सकाळी दहाला पैज लावायचा मोह मात्र टाळा. त्या वेळी वाहिन्यांवर निकालाचं एक वाक्य असतं आणि खरा आदेश तासा-दोन तासांनी अपलोड होतो. पहिला झटका बऱ्याचदा त्या एका वाक्याचा असतो. आदेशाचं शेवटचं पान वाचा, ‘खालीलप्रमाणे आदेश देण्यात येतो’ तिथून पुढे. किती भरायचं, कधीपर्यंत, स्थगिती आहे का आणि प्रकरण परत खाली पाठवलं आहे का, एवढं तिथे कळतं.

आणि नुकसान भरून मागायचं असेल तर

सत्यम प्रकरणात अमेरिकेतल्या शेअरधारकांनी सामूहिक दावा लावला आणि 2011 मध्ये कंपनीने 12.5 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. ऑडिटर पीडब्ल्यूसीनेही 2.55 कोटी डॉलर दिले. हैदराबाद-मुंबईत तोच शेअर घेतलेल्यांना असा दावा लावायची सोय तेव्हा कायद्यात नव्हती. आता कंपनी कायदा 2013 चं कलम 245 आहे, 2016 पासून लागू. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या एकूण सभासदांपैकी 5% किंवा 100 सभासद, यांतले जे कमी असतील ते, अथवा 2% भांडवल धरणारे भागधारक एकत्र येऊन एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे) जाऊ शकतात. भरपाई कंपनी, संचालक, ऑडिटर यांच्याकडून मागता येते. वापर मात्र फारसा झालेला नाही. जिंदाल पॉली फिल्म्सच्या अल्पसंख्य भागधारकांचं प्रकरण हे त्यातलं पहिलं मोठं. शंभर भागधारक जमवणं, वकिलाची फी आणि वर्षानुवर्षांची थांबायची तयारी, हे सगळं आधी मोजावं लागतं. तुमचा तोटा काही हजारांचा असेल तर शेअर विकून भांडवली तोटा त्याच वर्षीच्या विवरणपत्रात मुदतीत दाखवणं जास्त सोपं. तो नियमांनुसार भांडवली नफ्यातून वजा करता येतो, आणि उरलेला पुढची आठ वर्षं ओढता येतो.